यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल (१९९१–१९९६): पंधरा गुणांची कुस्ती कशी चालायची आणि का बंद पडली

लालमाती (धागाकर्ता)

जपानी प्रो रेसलिंगवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात 'यूडब्ल्यूएफ' हे नाव सरसकट वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. या नावाच्या तीन वेगवेगळ्या कंपन्या होत्या. हा धागा तिसरीवर आहे, पण आधीच्या दोन समजल्याशिवाय तिसरी कळत नाही.

पहिली यूडब्ल्यूएफ एप्रिल १९८४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर १९८५ मध्ये संपली. अकिरा माएदा, योशिआकी फुजिवारा, नोबुहिको ताकादा, काझुओ यामाझाकी आणि 'टायगर मास्क'चा मुखवटा उतरवून आलेला सातोरू सायामा हे त्यातले मुख्य पैलवान. कंपनी बुडाल्यावर सायामा बाजूला झाला आणि बाकीची मंडळी न्यू जपान या जुन्या मोठ्या कंपनीत परतली. तिथे १९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोराकुएन हॉलमध्ये रिकी चोशूने ओसामू किदोला पकडीत धरलं असताना माएदाने बाजूने येऊन चोशूच्या चेहऱ्यावर लाथ मारली. डोळ्याखालचं हाड मोडलं. माएदाला आधी निलंबित केलं, मग काढून टाकलं.

त्यातून दुसरी, म्हणजे 'न्यूबॉर्न' यूडब्ल्यूएफ उभी राहिली. १२ मे १९८८ ला कोराकुएनमध्ये तिचा पहिला कार्यक्रम झाला, त्याची तिकिटं १५ मिनिटांत संपली. महिन्याला साधारण एकच कार्यक्रम, तरी नोव्हेंबर १९८९ मध्ये टोकियो डोम भरला. १९९० च्या अखेरीस माएदा आणि कंपनीचं व्यवस्थापन यांच्यात पैशांच्या हिशेबावरून फाटलं. जानेवारी १९९१ मध्ये पैलवान आपापसातही वेगळे झाले. माएदा एकटा राहिला आणि त्याने 'रिंग्ज' काढली. फुजिवारा, फुनाकी आणि मिनोरू सुझुकी 'फुजिवारा-गुमी'त गेले. ताकादा, यामाझाकी, तात्सुओ नाकानो, योजी आंजो, शिगेओ मियातो, कियोशी तामुरा आणि मासाहितो काकिहारा या सात जणांनी 'युनियन ऑफ रेसलिंग फोर्सेस इंटरनॅशनल' काढली. पहिला कार्यक्रम १० मे १९९१, पुन्हा कोराकुएनच.

सगळ्यांत जास्त पैलवान आणि ताकादासारखा देखणा, गर्दी खेचणारा चेहरा या तिसऱ्या गटाकडे होता. साडेपाच वर्षांत तो संपला. कसा संपला, त्यासाठी आधी नियम बघू. नियमांवरचा प्रतिसाद काटकोन यांनी लिहावा, त्यांचा त्यावर हात बसलेला आहे.

काटकोन

लिहितो. जुन्या चित्रफितींत पडद्यावर दिसणारे आकडे उलटे वाचणं ही पहिली चूक. ते कमावलेले गुण नाहीत, शिल्लक गुण आहेत.

एकास एक लढतीत प्रत्येकाकडे सुरुवातीला १५ गुण. जोडीच्या लढतीत, ज्याला ते 'डबल बाउट' म्हणायचे, प्रत्येक जोडीकडे मिळून २१. दोर धरून पकड सोडवून घेतली की १ गुण वजा. प्रतिस्पर्ध्याने सुप्लेक्स मारून (उचलून मागे आपटून) फेकलं की १ वजा. मार खाऊन खाली पडलं आणि पंचाने मोजणी सुरू केली की ३ वजा. शून्यावर आला तो हरला, पंच तिथेच लढत थांबवतो. त्याआधी कुणी शरण आलं किंवा दहाच्या मोजणीत उठलं नाही तरी निकाल लागतो.

उदाहरण घ्या. एक जण दोनदा खाली पडला (६), चारदा दोराला हात लावला (४), एकदा फेकला गेला (१). ११ वजा, ४ शिल्लक. आता तो अजून एकदा पडला तर १ उरतो आणि मग दोराला हात लावायचीही सोय राहत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत पैलवान दोराकडे सरकायचं सोडून मधेच पकडीतून सुटायची धडपड करताना दिसतो, त्याचं कारण हे. दोर जवळ असतो, पण आता तो परवडत नाही.

हे गणित हवेतून आलेलं नाही. न्यूबॉर्नमध्ये पाच वेळा खाली पडलं की हार, आणि तीनदा दोर धरला की एकदा खाली पडल्यासारखं, असा नियम होता. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. इंटरनॅशनलने तेच माप गुणांत उतरवलं आणि सुप्लेक्सची भर घातली. भर क्षुल्लक वाटते, पण तिनेच गॅरी ऑलब्राइटसारख्या फेकणाऱ्या गड्याला मोल आलं. जर्मन सुप्लेक्सने मानेमागे आपटलेला माणूस लगेच उठला नाही तर १ आणि वर ३ असे एका डावात ४ गुण जातात.

मूठ आवळून चेहऱ्यावर मारायला बंदी. तळहाताने मारता येतं, लाथा आणि गुडघे चालतात. खांदे टेकवून विजय नाही.

वस्तादी

शेवटच्या वाक्यावर थांबावंसं वाटतं. आपल्या मातीतल्या कुस्तीत चितपट हाच निकाल, पाठ लागली की संपलं. ऑलिंपिकच्या मॅटवरही खांदे टेकवणं आहेच. मग ज्या कंपनीने 'आम्हीच खरी कुस्ती' असं सांगितलं तिने नेमकं तेच का काढून टाकलं? आणि ज्यांच्याकडून ते शिकले त्या कार्ल गॉच आणि बिली रॉबिन्सन यांच्या विगन शहरातल्या तालमीत, बिली रायलीकडे, तर चितपट आणि पकड दोन्ही चालायचं.

लालमाती

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी लागला. कारण प्रेक्षक आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी प्रो रेसलिंगमध्ये तीनच्या मोजणीत खांदे टेकवणं हीच नेहमीची शेवटाची रीत होती. दोन मोजून झाल्यावर खांदा उचलायचा, लोकांनी ओरडायचं. नुरा कुस्तीची ओळखखूण म्हणूनच लोक त्याकडे बघायला लागले होते. यूडब्ल्यूएफने ती खूण काढली, दोरावरून उसळून परत येणं काढलं, रिंगबाहेरची मारामारी काढली. शिल्लक राहिलं ते सांध्यांवरच्या पकडी, लाथा आणि फेक. म्हणजे नियम कुस्तीच्या परंपरेतून ठरले नाहीत, समोरच्या कंपनीत काय दिसतं ते वगळून ठरले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, कारण इथे दर वेळी वाद होतो. यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलच्या लढतींचे निकालही आधी ठरलेले असायचे. ताकादाने पुढे स्वतः जाहीरपणे ते मान्य केलं. लाथा खऱ्या लागायच्या, फेक खरी होती, तालमीतली मेहनत तर शंभर टक्के खरी. निकाल ठरलेला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली कुठलीही एक वगळली तर पुढचा इतिहास समजत नाही.

मुद्गल

मेहनतीचा विषय निघालाच आहे तर त्यात आपल्याकडचा एक खरा धागा आहे. गॉचने जपान्यांना जे व्यायाम लावले ते हिंदुस्थानी आखाड्यातले: जोर, बैठका आणि लाकडी मुद्गल. मुद्गलाच्या जोडीला जपानी डोजोत (तालमीत) आजही 'कोशिती' म्हणतात. हा शब्द म्हणजे फारसी 'कुश्ती', तोच आपला 'कुस्ती'. व्यायामाच्या साधनालाच खेळाचं नाव चिकटलं.

बैठक तिथे अशी मारतात: पाय खांद्याइतके लांब, खाली जाताना हात मागे, तळाशी टाच उचललेली, वर येताना हात पुढे झोकून टाच टेकवायची. न्यू जपानच्या डोजोत नव्या पोराला एका दमात ५०० ते १००० हा रोजचा रतीब. ताकादा, यामाझाकी, फुजिवारा सगळे याच साच्यातून निघाले. दमसास आणि मांड्या जबरदस्त होतात. तोटा असा की टाच उचललेली असताना भार चवड्यावर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. आकडा गाठायच्या नादात शेवटच्या दोनशेत पाठ वाकते, गुडघे आत पडतात आणि दुखणं कायमचं मागे लागतं.

बैठका झाल्या की किमेक्को. 'किमेरू' म्हणजे पकड घट्ट बसवून समोरच्याला संपवणं. एकमेकांना पकडीत अडकवायचा सराव, मार नाही, निकाल ठरलेला नाही, प्रेक्षक नाहीत. यूडब्ल्यूएफची खरी कुस्ती बघायची तर ती या बंद दाराआडच्या किमेक्कोत होती.

काटकोन

पकडींमधली एक जवळून सांगतो, कारण चित्रफितीत ती नुसती पाय मिठीत धरल्यासारखी दिसते: अकिलीस पकड.

प्रतिस्पर्ध्याचा घोटा काखेत घ्यायचा, त्याची बोटं आपल्या काखेमागे. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला जे हाड लागतं त्याची धार घोट्यामागच्या शिरेखाली बसवायची. दुसऱ्या हाताने ते मनगट धरायचं. त्याचा गुडघा आपल्या दोन मांड्यांमध्ये चिमटीत. मग छाती पुढे काढून मागे कमान. ओढायचं हाताने नाही, पाठीने.

चुकतं कुठे? हाडाच्या धारेऐवजी हाताचा सपाट, मांसल भाग लागला तर नुसतं दाबल्यासारखं वाटतं. गुडघा मोकळा राहिला तर तो पाय फिरवून उठून बसतो. घोटा फार आत घेतला तर धार शिरेवर न पडता पोटरीवर पडते. उंच बूट घातले असले की टाच अडकते आणि पाय निसटत नाही, म्हणून बूट घालून लढणाऱ्यांच्या या खेळात ही पकड इतकी चालली. अनवाणी, घामाळलेल्या पायावर ती निम्मी राहते. पुढे अनवाणी लढणाऱ्या ब्राझिली गड्यांसमोर हा फरक चांगलाच जाणवला.

निळा कोपरा

पायांवरचं दुसरं सामान म्हणजे 'रेगासू', नडगी आणि पावलाचा वरचा भाग झाकणारी चामडी पॅडं. ती सायामाने पहिल्या यूडब्ल्यूएफच्या काळात आणली. मारणाऱ्याची नडगी वाचते आणि खाणाऱ्याचं हाड वाचतं, म्हणून पूर्ण जोराने मारता येतं. आवाजही हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मांडीवर मात्र मार पोचतोच. पॅड कातडी फाटू देत नाही, पण वजन आणि वेग थांबवत नाही.

ताकादाच्या दोन गाजलेल्या लढती याच लाथेच्या आहेत. २२ डिसेंबर १९९१, र्योगोकू कोकुगिकान: समोर माजी हेवीवेट जगज्जेता बॉक्सर ट्रेव्हर बर्बिक. ताकादाने मांडीवर लाथा सुरू केल्या, बर्बिक पंचाकडे तक्रार करत राहिला की कमरेखाली मारायचं ठरलं नव्हतं, आणि पहिल्याच फेरीत रिंगमधून उतरून निघून गेला. मांडीवर लाथा खायची सवय नसलेल्या बॉक्सरचा भार पुढच्या पायावर असतो. चार-पाच लाथांत तो पाय बधिर होतो आणि मग ठोसाही निघत नाही. निकाल ताकादाच्या बाजूने गेला आणि 'बॉक्सर पळाला' हे चित्र कंपनीने पुढे वर्षभर वापरलं.

दुसरी लढत २३ ऑक्टोबर १९९२ ची, निप्पॉन बुडोकानमध्ये. समोर कोजी किताओ, माजी योकोझुना, उंची दोन मीटर. किताओच्या बाजूशी आधी बरोबरी ठरली होती. ताकादाने मांडीवर लाथा मारत त्याचं लक्ष खाली ओढलं आणि तिसऱ्या फेरीत उजवी लाथ थेट जबड्यावर घातली. किताओ खाली बसला तो मोजणी संपेपर्यंत उठला नाही. त्या क्षणाचा चेहरा बघा, त्याला धक्का लाथेपेक्षा मोठा बसलेला दिसतो. प्रेक्षकांच्या लेखी मात्र सुमोच्या सर्वोच्च पदावरचा माणूस खऱ्या लढतीत आडवा झाला होता.

पूर्वरंग

याच लढतीपासून कंपनीचं पुढचं सगळं ठरत गेलं असं माझं मत आहे. 'आम्ही कुणालाही घेऊ' हे वाक्य आता विकायला ठेवलं गेलं.

पायरी पायरीने बघा. १९९२ च्या शरदात लू थेझला सोबत घेऊन न्यू जपानला आव्हान: तुमच्या मासाहिरो चोनोने ताकादाशी लढावं. थेझ हा जुना जगज्जेता, त्याचाच पट्टा यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलने आपलं अजिंक्यपद म्हणून घेतला होता. त्या सप्टेंबरमध्येच ताकादाने ऑलब्राइटला हरवून तो जिंकलेला. न्यू जपानने उत्तरात अटी घातल्या, त्यात जोखमीपोटी ३ कोटी येनची मागणी होती. बोलणी तिथेच मोडली.

१९९४ ला त्याहून मोठी उडी. १० कोटी येन बक्षिसाची स्पर्धा जाहीर झाली आणि पत्रकार परिषदेत नोटांची थप्पी टेबलावर मांडली. न्यू जपानचा हाशिमोतो, ऑल जपानचा मिसावा, डब्ल्यूएआरचा तेन्र्यू, रिंग्जचा माएदा आणि पँक्रेसचा फुनाकी या पाच जणांना कंपन्यांशी काहीही न बोलता निमंत्रणपत्रं गेली. कुणी आलं नाही. स्पर्धा घरच्याच लोकांत झाली आणि ऑगस्टमध्ये अंतिम लढतीत अमेरिकन सुपर वेडरने ताकादाला हरवलं.

पैलवान न येण्याने नुकसान झालं नाही, उलट 'सगळे घाबरले' असं म्हणता आलं. नुकसान याचं झालं की उद्योगातली एकही कंपनी यांच्याशी सरळ व्यवहार करायला तयार राहिली नाही. पैलवानांची देवाणघेवाण बंद म्हणजे नवे प्रतिस्पर्धी बंद. मग प्रत्येक मोठ्या कार्यक्रमासाठी परदेशातून महागडा गडी आणायचा. ५ डिसेंबर १९९३ ला मेइजी जिंगूचं बेसबॉल मैदान वेडरच्या जोरावर भरलं, पण वेडर काही दर महिन्याला मिळत नाही.

वस्तादी

आणि ज्याला निमंत्रणाची गरज नव्हती तो माणूस जपानबाहेर होता. ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीने जुलै १९९४ मध्ये जपानमध्ये येऊन व्हाले तुडोची (जवळपास सगळं चालणाऱ्या लढतींची) स्पर्धा जिंकली, ती भरवणारा पुन्हा सायामाच. 'सगळ्यांत बलवान कोण' या प्रश्नाचं उत्तर आता दुसरीकडून येऊ लागलं.

निळा कोपरा

हो, आणि ७ डिसेंबर १९९४ ला आंजो लॉस एंजेलिसमध्ये रिक्सनच्या तालमीच्या दारात उभा राहिला. '२०० टक्के जिंकेन' असं तो आधीच बोलून बसला होता. बेत असा होता की आव्हान द्यायचं, रिक्सन नाही म्हणेल, बातमी होईल. चोनो, हाशिमोतो, मिसावा यांच्या बाबतीत हेच झालं होतं. रिक्सनला बोलावून घेतलं, दार लावलं, जपानी पत्रकारांना बाहेर ठेवलं. दार उघडलं तेव्हा आंजोचा चेहरा रक्ताने माखलेला होता, गळा आवळून त्याला संपवलं होतं. तो फोटो जपानभर छापून आला.

आंजोची तालमीतली किंमत कमी नव्हती. किमेक्कोत तो त्या पिढीतल्या चांगल्यांपैकी मानला जायचा. पण प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर बसून वरून मारणं आणि मग पाठ मिळवून गळा आवळणं याचा सराव यूडब्ल्यूएफच्या नियमांत कुठे होतच नाही. जमिनीवर मार नाही, अडचण आली की दोर. ज्या दोराला १ गुण लागायचा तो रिक्सनच्या मॅटवर नव्हता.

पूर्वरंग

त्यानंतर ताकादाने जाऊन हिशेब चुकवावा अशी लोकांची अपेक्षा होती. तो गेला नाही. जून १९९५ मध्ये त्याने 'लवकरच निवृत्त होणार' असं रिंगमध्ये जाहीर केलं, जुलैत वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीला उभा राहून पडला आणि त्याच सुमारास यामाझाकी कंपनी सोडून न्यू जपानकडे गेला. तिजोरीत खडखडाट होता.

ऑगस्टच्या २४ तारखेला दोन्हीकडच्या पत्रकार परिषदांमध्ये फोन जोडला गेला आणि चोशूने आपल्या माणसांना डोम आरक्षित करायला फर्मावलं. ९ ऑक्टोबर १९९५, टोकियो डोम, न्यू जपान विरुद्ध यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल, आठ लढती, जाहीर आकडा ६७,०००. तामुराने भाग घ्यायला नकार दिला. हाशिमोतोने नाकानोला हरवलं, चोशूने आंजोला पाच मिनिटांच्या आत उडवलं. यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलकडून ताकायामा, सानो आणि काकिहारा जिंकले. एकूण ५-३, न्यू जपानच्या बाजूने.

शेवटची लढत न्यू जपानचा केइजी मुतो विरुद्ध ताकादा. ताकादाने लाथ मारली, मुतोने ती धरली आणि पाय पिळत स्वतः जमिनीवर गिरकी घेतली, म्हणजे ड्रॅगन स्क्रू. ताकादाचा गुडघा गेला. मग चौकडीची पकड, त्याच्या पायांचा इंग्रजी चारसारखा आकडा करून. १६ मिनिटं १६ सेकंदांनी ताकादा शरण आला.

ही पकड जपानी प्रो रेसलिंगमधली जुनी, दिखाऊ पकड. यूडब्ल्यूएफचे चाहते हिलाच हसायचे. मुतोने मुद्दाम तीच निवडली. त्या रात्री डोममध्ये रडणारे प्रेक्षक दिसतात ते एका हारीवर रडत नव्हते, दहा वर्षं मनात धरलेल्या विश्वासावर रडत होते.

काटकोन

पूर्वरंग, शेवटचं वाक्य जरा कमी करा ही विनंती. बाकी सगळं मान्य. पुढे ताकादाने ४ जानेवारी १९९६ ला मुतोचा हात सरळ ताणून त्याच्याकडून न्यू जपानचं आयडब्ल्यूजीपी अजिंक्यपद घेतलंच. २९ एप्रिलला हाशिमोतोने ते परत नेलं, तेही पायांच्या त्रिकोणात मान आवळून. न्यू जपानचा गडी यूडब्ल्यूएफच्याच हत्याराने जिंकला.

पूर्वरंग

मान्य, वाक्य जड झालं. तिथे फक्त 'रडणारे प्रेक्षक दिसतात' एवढंच वाचावं.

लालमाती

उरलेला शेवट थोडक्यात. १९९६ मध्ये तामुरा रिंग्जमध्ये गेला. सप्टेंबरमध्ये जिंगू मैदानावर ताकादाने तेन्र्यूला हरवलं, ती शेवटची मोठी गर्दी. २७ डिसेंबर १९९६ ला कोराकुएन हॉलमध्ये अखेरचा कार्यक्रम झाला. जिथे सुरू, तिथेच बंद. मे १९९७ मध्ये त्याच मंडळींनी 'किंगडम' काढली. त्यात बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे आले. ती १९९८ मध्ये बंद पडली. ११ ऑक्टोबर १९९७ ला 'प्राइड' या खऱ्या लढतींच्या स्पर्धेच्या पहिल्याच कार्यक्रमात ताकादा शेवटी रिक्सनसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत हात ताणून हरला.

किंगडमच्याच काळात, २१ डिसेंबर १९९७ ला, काझुशी साकुराबाने यूएफसी या खऱ्या लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीची जपानमधली स्पर्धा जिंकली. हा १९९३ मध्ये यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलमध्ये पहिल्यांदा रिंगमध्ये उतरलेला, विद्यापीठातून कुस्ती खेळून आलेला पोरगा. डोमच्या रात्री तो खालच्या लढतींत होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये रिक्सनचा भाऊ रॉयलर ग्रेसी याचा खांदा पिळून आणि १ मे २००० रोजी दुसरा भाऊ रॉयस ग्रेसी याच्याशी ९० मिनिटं लढून तो जिंकला.

मुद्गल

रॉयलरवर त्याने लावलेली पकड किमेक्कोत रोज बसणारी. कोपर काटकोनात, मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि पाठीकडे फिरवायचं. रॉबिन्सनने यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलच्या पोरांना शिकवली ती हीच, विगनमध्ये तिला दुहेरी मनगटपकड म्हणायचे. मियातोने पुढे १९९९ मध्ये टोकियोत कोएंजीला तालीम काढून रॉबिन्सनला तिथे वस्ताद म्हणून बसवलं.

वस्तादी

जुन्या चित्रफिती बघणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी तामुरा किंवा काकिहाराची कुठलीही १९९२-९३ ची लढत, गुणफलकाकडे लक्ष ठेवून. मग किताओ. मग डोम. डोमच्या लढतींत गुणफलक शोधू नका, तिथे न्यू जपानचे नियम होते आणि खांदे टेकवले की निकाल लागत होता.